मोठ्या भावाचं सीटीचं रेडिएशन मिसेसच्या तिप्पट, वजनामुळे एवढा फरक पडतो का?

मानेवाडा_रोड

नमस्कार मंडळी, जरा लांब लिहून राहिलो पण पूर्ण वाचा न, घरात चार दिवसांपासून याच गोष्टीचं टेन्शन आहे.

नागपूरचा उन्हाळा सगळ्यांना माहीतच आहे, पाणी कमी पडलं की खडा धरलाच. एप्रिलमध्ये मिसेसच्या पोटात उजवीकडून दुखायला लागलं, सोनोग्राफीत नीट दिसलं नाही म्हणून डॉक्टरांनी प्लेन सीटी केयूबी, म्हणजे किडनीपासून मूत्राशयापर्यंतचा सीटी, लिहून दिला. धंतोलीतल्या एका सेंटरवर केला, ३ एमएमचा खडा निघाला, तो आठ दिवसांत पडूनही गेला. मग मेच्या शेवटी मोठ्या भावाची पाळी. रात्री दोन वाजता घामाघूम, उलट्या, पलंगावर ना बसवत ना झोपवत. सकाळी त्याच सेंटरवर त्याच मशीनवर सीटी. डाव्या युरेटरमध्ये, म्हणजे किडनीतून मूत्राशयाकडे जाणाऱ्या नळीत, अगदी खाली ६ एमएमचा खडा.

आता मुद्दा. रिपोर्टच्या पाकिटात फिल्म राहते न, तिच्या शेवटच्या चौकोनात डोसचे आकडे राहतात. मी सहज दोन्ही फिल्म उजेडात धरून पाहिल्या. मिसेसचा सीटीडीआय व्हॉल, म्हणजे मशीनच्या रेडिएशनचं माप, ७.२ आणि डीएलपी, म्हणजे तेच गुणिले स्कॅनची लांबी, ३२४. भावाचा सीटीडीआय व्हॉल २१.४ आणि डीएलपी १०७०. म्हणजे तिप्पट! तपासणी तीच, सेंटर तेच. मिसेसचं वजन ४४ किलो आहे, भावाचं ११२, उंची ५ फूट ७ इंच.

सेंटरवर जाऊन विचारलं तर काउंटरच्या मागून एकाने वर न पाहता सांगितलं की वजन एवढं आहे तर रेडिएशन जास्त लागणारच. मागे वीसेक माणसं बसली होती. भाऊ माझ्या बाजूलाच उभा होता, काही बोलला नाही, घरी येईपर्यंत गाडीत गप्प होता. मला ते फार लागलं. माणूस आधीच घाबरलेला आहे, त्याला दोन मिनिटं बसवून समजावलं असतं तर काय बिघडलं असतं.

भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्याने नेटवर पाहिलं की पोटाच्या सीटीचा डीएलपी ०.०१५ ने गुणला की मिलिसिव्हर्ट, म्हणजे शरीराला झालेल्या डोसचं एकक, निघतात. मिसेसचे ४.९ आले आणि भावाचे १६. तेव्हापासून भाऊ म्हणून राहिला की मला कॅन्सर व्हायचा चान्स तिप्पट झाला. आणि युरोलॉजिस्ट म्हणाले चार आठवड्यांनी पुन्हा पाहू, गरज वाटली तर सीटी रिपीट करू. भाऊ म्हणते मी आता मशीनमध्ये जातच नाही.

कोणी या लाइनमधलं असेल तर सांगा. मशीन खराब होती का? सेटिंग चुकली का? की जाड माणसाला खरंच एवढं जास्त घ्यावंच लागते?

हिलटॉप२२

भाऊ, एवढं मनावर घेऊ नका. माझ्या समजुतीप्रमाणे चरबीच रेडिएशन अडवते, आतल्या अवयवांपर्यंत पोचतच नाही, म्हणजे उलट जाड माणूस सेफ. आणि एवढीच भीती असेल तर पुढच्या वेळी एमआरआय करून घ्या, त्यात रेडिएशनच नाही.

सीटी_टेबलवाला

मी सीटी टेक्निशियन आहे, १८ वर्षं झाली, सुरुवात सिंगल स्लाइसवर केली आता १२८ वर आहे. पहिल्यांदा हे सांगतो की तुमच्या भावाला काउंटरवर जे उत्तर मिळालं ते चूक होतं, माहिती म्हणून अर्धं बरोबर असेल पण सांगायची ती पद्धत नाही. मी माझ्या ज्युनिअर पोरांना रोज सांगतो की टेबलवर पेशंट आहे, वजन नाही.

आता मशीन काय करते ते समजून घ्या. पेशंटला झोपवल्यावर पहिले आम्ही टोपोग्राम घेतो, काही जण स्काऊट म्हणतात, साध्या एक्सरेसारखा लांबलचक फोटो. त्याच्यावरून मशीन ओळखते की माणूस कुठे किती जाड आहे, आणि त्याप्रमाणे ट्यूबचा करंट, म्हणजे एमए, आपोआप कमी जास्त करत जाते. छातीत हवा आहे तर कमी, कंबरेच्या हाडापाशी जास्त, आणि फिरता फिरता पुढून मागे कमी आणि आडवं जाताना जास्त, कारण माणूस रुंदीला जास्त असते. हे नसतं तर पूर्वीसारखं सगळ्यांना एकच एमए लावावा लागला असता, बारीक माणूस फुकट भाजला असता आणि मोठ्या माणसाची इमेज दाणेदार आली असती. दाणेदार म्हणजे जुन्या टीव्हीला मुंग्या यायच्या न तशी. तशा इमेजमध्ये ३ एमएमचा खडा शोधून दाखवा.

एक्सरेचं असं आहे की साधारण चार सेंटिमीटर मांस पार करताना सीटीचा बीम अर्धा होऊन जाते. आठ सेंटिमीटर झालं की पाव. म्हणून माणूस थोडासा जाड असला तरी पलीकडे डिटेक्टरवर पोचणारं रेडिएशन भराभर कमी होते. जास्त द्यावं लागते ते मशीनच्या मनात राग आहे म्हणून नाही, पलीकडे काही पोचलं तरच फोटो बनेल म्हणून. तेव्हा २१ आणि ७ हा फरक पाहून मशीन खराब असं मी म्हणणार नाही. मिसेसचा कदाचित १०० केव्हीवर, म्हणजे ट्यूबच्या कमी व्होल्टेजवर, केला असेल आणि भावाचा १२० वर, तेही फिल्मवर कोपऱ्यात लिहिलेलं राहते, पाहून घ्या.

पण काही गोष्टी आमच्या हातात राहतात आणि त्या चुकल्या की जाड पेशंटला विनाकारण जास्त डोस जाते. सगळ्यात मोठी सेंटरिंग. लेझरची लाइन शरीराच्या बरोबर मध्यावर पाहिजे. सवयीने सगळे काखेच्या लाइनवर लेझर लावतात, बारीक माणसाला ते चालून जाते, पण पोट मोठं असलं की शरीराचा मध्य वर सरकते, तिथे पाठीपासून पोटाच्या टोकापर्यंतचा मध्य पाहून टेबल खाली घ्यावं लागते. नाही घेतलं आणि ट्यूब वरच्या बाजूला ठेवून टोपोग्राम काढला तर काय होते, पोट ट्यूबच्या जवळ, सावली मोठी पडते, दिव्याजवळ हात नेला की भिंतीवर हात मोठा दिसते न तसं. मशीनला वाटते माणूस आहे त्याहून मोठा आहे, आणि ती एमए वाढवून टाकते. उलट टेबल जास्त खाली गेलं तर सावली लहान, एमए कमी, इमेज खराब, आणि मग रिपीटची वेळ.

दुसरं हात. पोटाच्या सीटीला दोन्ही हात डोक्यावर पाहिजेत. मागच्या महिन्यात एक काका आले, फ्रोजन शोल्डर, हात वर जातच नव्हते. हात बाजूला ठेवून केलं असतं तर मशीनने रुंदी जास्त धरली असती, डोस वाढला असता आणि लिव्हरवरून आडव्या रेघा आल्या असत्या. शेवटी उशा लावून हात पोटाच्या पुढे थोडे वर उचलून ठेवले, दहा मिनिटं गेली, बाहेर लाइन लागली होती, ओरड झाली. पण इमेज स्वच्छ आली. गर्दीत ही दहा मिनिटं कोणी देत नाही हीच अडचण आहे.

तिसरं स्कॅनची लांबी. केयूबी म्हणजे किडनीच्या वरच्या टोकापासून मूत्राशयाच्या खालपर्यंत. काही ठिकाणी सवयीने छातीच्या खालच्या भागापासून सुरू करतात. सीटीडीआय तोच राहते पण डीएलपी वाढते. तुमच्या भावाचा १०७० भागिले २१.४ म्हणजे ५० सेंटिमीटर, मिसेसचा ४५. भावाची लांबी थोडी जास्त वाटते पण उंचीही जास्त असेल, फार गैर नाही.

@हिलटॉप२२ दादा, एमआरआयमध्ये खडा नीट दिसत नाही हो. खड्यासाठी सीटीच.

मानेवाडा_रोड

टेबलवाले दादा, खूप खूप धन्यवाद, भावाला मोठ्याने वाचून दाखवलं. फिल्मवर पाहिलं, खरंच मिसेसचं १०० केव्ही आहे आणि भावाचं १२०. पण त्याचा मूळ प्रश्न तसाच आहे. जास्त देणं गरजेचं होतं हे पटलं, पण दिलं तर तिप्पटच न? शरीरात तिप्पटच गेलं न?

अणू_रेणू

नाही, तिप्पट गेलं नाही. मी मेडिकल फिजिसिस्ट आहे, नागपुरातच एका रेडिओथेरपी विभागात काम करते, रेडिएशन सेफ्टी ऑफिसर म्हणून सीटीच्या तपासण्याही करते. हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो आणि डॉक्टरांकडूनही येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फिल्मवरचा सीटीडीआय व्हॉल हा तुमच्या भावाच्या शरीरात मोजलेला आकडाच नाही. तो प्लास्टिकमध्ये मोजलेला आकडा आहे. आमच्याकडे ॲक्रिलिकचा एक गोल ठोकळा असतो, त्याला फँटम म्हणतात, व्यास ३२ सेंटिमीटर, म्हणजे मोठ्या परातीएवढा, जाडी १५ सेंटिमीटरच्या आसपास. चौदा साडेचौदा किलोचा असतो, टेबलवर चढवताना माझी कंबर दरवेळी तक्रार करते. त्याला पाच भोकं असतात, एक मधोमध आणि चार कडेला, त्यात पेनासारखा चेंबर घालून रीडिंग घ्यायचं. मशीन फिल्मवर जे छापते त्याचा अर्थ एवढाच की 'या सेटिंगवर या ठोकळ्यात सरासरी एवढा डोस बसला असता'. टेबलवर ४४ किलोची बाई असो की ११२ किलोचा माणूस, मशीनच्या हिशेबात ठोकळा तोच, ३२ चाच. म्हणजे तो आकडा मशीनने किती सोडलं ते सांगतो, माणसाला किती लागलं ते सांगत नाही.

आणि डोस म्हणजे काय, तर दर किलोमागे किती ऊर्जा मुरली. एकच वाटी तूप चार पोळ्यांना लावलं तर पोळी निथळते, बारा पोळ्यांना पुरवलं तर नुसता वास येतो. शिवाय टेबलवाले दादांनी सांगितलं तसं दर चार सेंटिमीटरला बीम अर्धा होतो, त्यामुळे मोठ्या शरीराच्या मधल्या भागात पोचेपर्यंत बराच खर्च झालेला असतो. लहान शरीरात तोच बीम मधोमध जवळजवळ तेवढ्याच जोरात पोचतो. म्हणून बारीक माणसासाठी फिल्मवरचा आकडा खऱ्यापेक्षा कमी दाखवतो आणि जाड माणसासाठी खऱ्यापेक्षा जास्त. नेमकं उलटं वाटतं, पण तसंच आहे.

ही अडचण ओळखूनच अमेरिकेतल्या मेडिकल फिजिसिस्टांच्या संघटनेने, एएपीएमने, २०११ साली रिपोर्ट २०४ काढला. त्यात शरीराच्या आकारावरून त्या आकड्याला एका गुणकाने गुणायला सांगितलं आहे, येणाऱ्या उत्तराला एसएसडीई म्हणतात. २०१४ च्या रिपोर्ट २२० मध्ये अजून सुधारणा झाली, नुसती रुंदी न पाहता आत हवा किती, हाड किती हेही धरायचं, कारण छाती आणि पोट सारख्याच मापाचे असले तरी छातीत फुफ्फुसाची हवा असते.

तुम्हाला घरीच करून पाहता येईल. सेंटरने सीडी किंवा लिंक दिली असेल तर ती कॉम्प्युटरवर उघडा, स्कॅनच्या साधारण मधल्या आडव्या स्लाइसवर जा, मोजपट्टीचं बटण असतं, त्याने शरीराची रुंदी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आणि जाडी पोटापासून पाठीपर्यंत मोजा. दोन्ही बाजूची कातडी इमेजमध्ये पूर्ण मावलेली हवी, कापली गेली असेल तर माप चुकेल. दोघांची मापं इथे टाका, मी हिशेब करून देते.

आणि तुमच्या भाच्याला सांगा, ०.०१५ चा गुणाकार त्याने बरोबर केला पण तो गुणक एका ठरावीक मध्यम बांध्याच्या शरीरासाठी काढलेला आहे. ११२ किलोला आणि ४४ किलोला तोच लावला की दोन्हीकडे चुकतं, एकीकडे जास्त येतं, एकीकडे कमी. तो एकेका पेशंटचा धोका काढायला नाहीच मुळी, मोठ्या संख्येने स्कॅनची तुलना करायला आहे.

मानेवाडा_रोड

ताई, रात्री साडेअकरापर्यंत मी आणि भाचा बसून मोजून राहिलो होतो. भाऊ, रुंदी ४६ सेंमी, जाडी ३४. मिसेस, रुंदी २९, जाडी १८. भावाची कातडी दोन्हीकडे दिसते, कापली नाही.

अणू_रेणू

छान मोजलंत. रुंदी आणि जाडीचा गुणाकार करायचा आणि वर्गमूळ काढायचं, म्हणजे त्याच क्षेत्रफळाच्या गोलाचा व्यास साधारण मिळतो. भाऊ ३९.५ सेंटिमीटर, मिसेस २२.८. तक्त्यात ३९.५ ला गुणक ०.८७ आणि २२.८ ला १.६० आहे.

भाऊ: २१.४ गुणिले ०.८७, म्हणजे १८.६ मिलिग्रे (मुरलेल्या डोसचं एकक).
मिसेस: ७.२ गुणिले १.६०, म्हणजे ११.५ मिलिग्रे.

तिप्पट होतं ते दीडपटीच्या थोडं वर आलं. हा आकडासुद्धा स्कॅनच्या मधल्या भागातली सरासरी आहे, एकेका अवयवाचा डोस नाही, पण ठोकळ्यापेक्षा माणसाच्या पुष्कळ जवळ आहे.

यात अजून एक बघा. भावाच्या आणि मिसेसच्या व्यासात जवळजवळ १७ सेंटिमीटरचा फरक आहे. चार चार सेंटिमीटरला अर्धं या हिशेबाने मशीनला भावासाठी सोळापटीहून जास्त सोडावं लागलं असतं तरच दोघांची इमेज सारखी स्वच्छ आली असती. मशीनने सोडलं तिप्पट. म्हणजे भावाची इमेज थोडी जास्त दाणेदार ठेवून तिने डोस वाचवला. हे मुद्दामच तसं बसवलेलं असतं, कारण मोठ्या माणसाच्या पोटात अवयवांच्या मध्ये चरबी असते, सीटीत ती काळपट दिसते, तिच्यामुळे किडनी, आतडं, युरेटर सुटे सुटे ओळखू येतात. बारीक माणसाचे आणि लहान मुलांचे अवयव एकमेकांना चिकटून असतात, तिथे थोडे दाणेही रेडिऑलॉजिस्टला त्रास देतात.

@हिलटॉप२२ यांचं म्हणणं पूर्ण चूक नाही. कातडीखालची चरबी आतल्या अवयवांसाठी थोडी ढाल होतेच. पण ती ढाल आहे म्हणून मशीन जोर वाढवते, त्यामुळे 'जाड माणूस सेफ' असं म्हणता येत नाही. कातडीला तर जास्तच लागतं. कातडी लाल व्हायला मात्र २००० मिलिग्रेच्या आसपास लागतात, इथे आपण १८ वर आहोत, त्यामुळे तो विचार डोक्यातून काढून टाका.

कॅन्सरचं आता. सार्वजनिक हिशेबासाठी जे धरतात ते असं की १० मिलिसिव्हर्टला जिवावर बेतणाऱ्या कॅन्सरचा धोका साधारण २००० मध्ये १ ने वाढतो, तोही मोठ्या डोसच्या माहितीवरून खाली ओढत आणलेला अंदाज आहे. लहान वयात जास्त, वय वाढेल तसा कमी. निसर्गातून, मातीतून, हवेतून, आकाशातून आपल्या प्रत्येकाला जगभराच्या सरासरीने वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. तुमचे भाऊ रात्री दोनला कळवळत होते, खडा नेमका कुठे आणि केवढा हे त्या स्कॅनने सांगितलं. तो स्कॅन करायलाच हवा होता. त्याची खंत करू नका असं त्यांना माझ्याकडून सांगा.

पोट्टीची_आई

हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. माझी पोट्टी ९ वर्षांची, २४ किलो, मागच्या वर्षी अपेंडिक्सचा संशय होता, सोनोग्राफीत गॅसमुळे दिसेना म्हणून सीटी केला. डोस शीटवर सीटीडीआय ३.१ होता. मी तेव्हा नेटवर पाहून खूश झाले होते की मोठ्यांना १०-१५ राहते आणि हिला फक्त ३. आता ताई म्हणतात लहान शरीराला आकडा कमी दाखवते. म्हणजे खरं किती? आणि मी तिथे खूप मागे लागले होते की छातीवर आणि खाली लेडचा एप्रन टाका, त्यांनी नाही म्हटलं, मला वाटलं टाळाटाळ करून राहिले, घरी येऊन रडले होते मी.

अणू_रेणू

ताई, घाबरू नका, तुमच्या मुलीचं काम नीट झालेलं दिसतंय. त्या वयाच्या २४ किलोच्या मुलीची रुंदी २० आणि जाडी १४ सेंटिमीटर धरली तर गुणक २.० येतो, म्हणजे ३.१ चे साधारण ६.२ मिलिग्रे. वरच्या मिसेसना ११.५ होते. लहान मुलीला मोठ्या बाईच्या जवळपास निम्मा, हे चांगलंच आहे. कोणीतरी लहान मुलांचा प्रोटोकॉल, म्हणजे मशीनमधली ठरलेली सेटिंग, निवडून, केव्ही उतरवून केलेलं आहे.

फक्त एक तपासा, डोस शीटवर फँटम ३२ सेंमी लिहिलंय की १६. लहान मुलांसाठी काही मशीन १६ चा ठोकळा धरून आकडा छापतात आणि मग तोच डोस जवळपास दुप्पट आकड्यात दिसतो. तसं असेल तर तुमचं उत्तर ६ पेक्षा बरंच कमी येईल. दोन सेंटरच्या आकड्यांची तुलना करताना लोक इथेच फसतात.

मुलांची काळजी रास्तच आहे. २००१ साली अमेरिकेत लक्षात आलं की कितीतरी ठिकाणी पोराबाळांचा सीटी मोठ्यांच्याच सेटिंगवर चालला होता, तेव्हा तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, सगळ्या हॉस्पिटलांना सूचना काढली की मापाप्रमाणे सेटिंग उतरवा. २००८ मध्ये मुलांसाठी 'इमेज जेंटली' नावाची मोहीम सुरू झाली. आज मुलांचे वेगळे प्रोटोकॉल मशीनमध्येच येतात, निवडणारा माणूस जागा हवा.

आणि एप्रनचं. त्यांनी नाही म्हटलं ते बरोबर होतं, फक्त कारण सांगायला हवं होतं. शिसं स्कॅनच्या भागात आलं की मशीनला वाटतं इथे फार जाड काहीतरी आहे आणि ती एमए चढवते, इमेजवर रेघा येतात, रिपीट करावं लागू शकतं. स्कॅनच्या भागाबाहेर ठेवलं तर फायदा फारसा नाही, कारण तिथे पोचणारं रेडिएशन मुख्यतः शरीराच्या आतूनच विखुरून आलेलं असतं. २०१९ मध्ये एएपीएमने साध्या एक्सरेलासुद्धा जननेंद्रियांवर सरसकट शिसं ठेवणं थांबवा असं सांगितलं. तुम्ही मागे लागलात ते आई म्हणून अगदी बरोबर केलंत, तुमची काही चूक नव्हती.

पोट्टीची_आई

ताई, शीट शोधून काढली, ३२ लिहिलं आहे. वर्षभर मनात होतं ते आज निघालं. देव तुमचं भलं करो.

सीटी_टेबलवाला

अणू ताईंनी जे समजावलं ते आम्हाला कोर्समध्ये असं कोणी सांगितलं असतं तर. मी उद्या ड्युटीवर पोरांना वाचून दाखवणार.

मानेवाडा भाऊ, रिपीट सीटीबद्दल एक सांगायचं राहिलं. आजकाल खड्यासाठी लो डोस केयूबी करतात, बारीक माणसाला ते उत्तम, पण युरोपच्या युरोलॉजी गाइडलाइनमध्ये लो डोसची खात्री बीएमआय ३० च्या आतल्यांसाठी दिली आहे. तुमच्या भावाचा ३९ च्या आसपास येते, तिथे फार खाली उतरवलं तर छोटा खडा दाण्यांमध्ये हरवू शकते. म्हणून सेंटरवर नुसतं 'कमी रेडिएशनवर करा' म्हणून अडून बसू नका. त्यापेक्षा आधी एक करा. सीडीत पहिली इमेज टोपोग्रामची राहते, त्यात तो ६ एमएमचा खडा पांढरा ठिपका म्हणून दिसते का ते युरोलॉजिस्टला पाहायला सांगा. टोपोग्रामवर दिसला तर साध्या एक्सरेवरही दिसतो, मग पुढचा फॉलोअप एक्सरे आणि सोनोग्राफीवर निभावू शकते. ठरवतील ते डॉक्टरच, पण विचारायला काय जाते.

मानेवाडा_रोड

मंडळी, अपडेट. काल संध्याकाळी रामदासपेठेत युरोलॉजिस्टकडे गेलो होतो, सीडी लॅपटॉपवर लावूनच नेली. टोपोग्राम उघडून दिला, डॉक्टरांनी चष्मा वर करून जवळून पाहिलं, मोठं केलं, आणि म्हणाले हो, दिसून राहिला हा, डावीकडे खाली, हा बघा. ठिपका एवढासा, तिळाएवढा. भावालाही दाखवला. तीन आठवड्यांनी एक्सरे आणि सोनोग्राफी, त्यात सरकलेला दिसला नाही किंवा किडनीला सूज वाढली तरच सीटी, आणि तेव्हा फक्त खालच्या भागाचा करू म्हणाले, पूर्ण पोटाचा नाही. ताप आला किंवा लघवी बंद झाली तर मात्र वाट न पाहता लगेच यायचं, हे दोनदा बजावलं.

मी एसएसडीईचा कागदही दाखवला, १८.६ आणि ११.५ वाला. डॉक्टरांनी विचारलं हे कोणी काढून दिलं. मी म्हटलं आपल्या नागपूरच्याच एका ताईंनी.

मिसेसने तर वेगळंच धरलं. म्हणते इतके दिवस सगळे दादांचीच काळजी करून राहिले होते आणि माझा आकडा छोटा म्हणून कोणी विचारलंही नाही, आणि निघाला तो दीडपटच कमी. बोलली ते खरं आहे, मी तिला सॉरी म्हटलं.

भाऊ तयार आहे, वेळ आलीच तर जाईन म्हणते. टेबलवाले दादा, तुमचं लेझरचं वाक्य त्याने पाठच करून ठेवलं आहे, म्हणते झोपल्यावर मीच सांगेन की लाइन पोटाचा मध्य पाहून लावा. रोज साडेतीन लिटर पाणी मोजून पिऊन राहिला, तांब्या समोरच ठेवते.

सीटी_टेबलवाला

सांगू द्या त्यांना, बिनधास्त सांगू द्या. आणि हात वर ठेवायची सवय आतापासून करायला लावा, दहा मिनिटं दोन्ही हात डोक्यावर घेऊन आडवं पडायचं, खांदा आखडत असेल तर आधीच कळेल. बेल्ट, चावी, नाड्याचं मेटल आदल्या दिवशीच काढून ठेवा. खालच्या भागाचा स्कॅन म्हणाले आहेत न, तर डॉक्टरांना चिठ्ठीवर तसं स्पष्ट लिहायला लावा, नाहीतर काउंटरवर केयूबी म्हणून पूर्ण बुक होऊन जाते.